लाल गरम, हिरवं थंड

बुद्ध पौर्णिमेच्या आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड गेलं. आधी स्क्रीनवर गोवर आल्यासारखे बारीक ठिपके उठले. मग एका बंगल्याच्या गच्चीवर मी बोगनवेल चढवत असताना अख्खा बंगलाच काळा झाला आणि आतला पंखा एकदा घरघरून थांबला. मीही थांबले. रडूबिडू आलं नाही. पंचेचाळिशी ओलांडल्यावर घरातली वस्तू बंद पडली की पहिल्यांदा मनात येतं ते एवढंच, की झालं, आता पंधरा दिवस हिच्या मागे.

मी लोणावळ्यात घरी बसून बंगल्यांचे व्ह्यू करते. म्हणजे जो बंगला अजून बांधलेलाच नाही, तो बांधल्यावर कसा दिसेल याचं चित्र, फोटो वाटावा इतकं खरं. पवनेच्या काठाला, कार्ल्याच्या मागे, टाकव्याच्या अंगाला जिथे जिथे प्लॉट पडलेत तिथे रस्त्याच्या कडेला मोठाले बोर्ड दिसतात. निळं आकाश, नीट कापलेली हिरवळ, झोपाळ्यावर चहाचा कप धरून बसलेली एक बाई. त्या बाईला बऱ्याचदा मीच बसवलेलं असतं. तिला कधी उठून तो कप विसळावा लागत नाही, याचा मला हल्ली राग येतो. माझ्या व्ह्यूत पाऊसही पडत नाही. बिल्डर मंडळींची तशी ताकीदच असते. मावळात बंगला विकायचा आणि चार महिन्यांचा पाऊस लपवायचा, यात माझी सगळी कला खर्ची पडलेली आहे.

यातलं हमालीचं काम ते कार्ड करतं. मी भिंती, झाडं, ऊन, सावल्या सगळं मांडून दिलं की कार्ड तासन्‌तास राबून त्याचा फोटो किंवा फिल्म बनवतं. आमच्या घरात याला ‘बंगला शिजायला ठेवणं’ म्हणतात. शब्द आबांचा. आबा म्हणजे माझे सासरे. एकदा ते मागे उभे राहून म्हणाले होते, "ह्ये नुसतंच गरगरतंय, तू तर काईच करत न्हाईस." मी म्हटलं, "आबा, कुकर लावल्यासारखं आहे. आता फक्त वाट बघायची." तेव्हापासून चहा मागायच्या आधी ते विचारतात, "शिजला का बंगला?"

तर शिजवताना कार्ड तापतं. माझं जुनं कार्ड जरा जास्तच तापायचं. कॉम्प्युटरची खोली ही आमच्या तळमजल्याच्या घरातली सगळ्यात लहान खोली, तिला एकच खिडकी. दार-खिडकी लावून बंगला शिजायला ठेवला की थोड्या वेळात त्या खोलीतली हवा बदलायची. बाहेर धुकं व्हरांड्यापर्यंत आलेलं असायचं, पुढच्या खोलीतल्या गाद्या हाताला गार लागायच्या, मीठ पाझरायचं, आणि या एका खोलीत मात्र कागद कागदासारखा कोरडा वाजायचा.

आबांना ते कोरडेपण लागतं. सगळी नोकरी त्यांनी खंडाळ्याच्या घाटात, रेल्वेच्या केबिनमध्ये काढली. गाडी आली की रुळांचे पॉइंट बदलायचे, झेंडी घेऊन बाहेर उभं राहायचं, गाडी गेली की आत यायचं. पावसाळ्यात घाटात ढग खाली उतरतो आणि माणूस त्याच्या आत उभा असतो. ते सगळं धुकं आता त्यांच्या छातीत बसलंय, असं मला त्यांचा श्वास ऐकताना वाटतं. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांना तळेगावच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून पडावं लागलं होतं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "यांना कोरड्या, उबदार जागी ठेवा." लोणावळ्यात, आषाढात. सांगणाऱ्याचं काय जातं?

आम्ही हीटर आणला. आबांनी तो पहिल्याच संध्याकाळी बंद केला. "माज्या एकल्यासाठी लाईट जाळायची? आमी काय संस्थानिक हाय?" मी पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा बंद केला. चौथ्या की पाचव्या दिवशी हीटर त्याच्या खोक्यात, खोकं दोरीने बांधून कॉम्प्युटरच्या खोलीच्या माळ्यावर. माझ्या सासऱ्यांपुढे हट्ट करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नवऱ्याने हात टेकले. तो टाकव्याच्या कंपनीत शिफ्ट करतो आणि घरी आल्यावर त्याच्यात हात टेकण्याइतकीच ताकद उरलेली असते.

पण कॉम्प्युटरची ऊब आबांना चालायची. कारण ती त्यांच्यासाठी नव्हती. ती माझ्या कामातून उरलेली होती. "वायाच चाललंय न्हवं, बसतो जरा," म्हणत ते त्यांची लोखंडी खुर्ची घेऊन माझ्या मागे येऊन बसायचे आणि हाताचा पंजा कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवायचे. मला कुणी मागे बसलेलं आवडत नाही. काम करताना मानेवर नजर असली की माझं डोकं फिरतं. पण त्यानंतर त्यांना पुन्हा दवाखाना लागला नाही, आणि तो लागला नाही तो त्या तापणाऱ्या कार्डामुळे, हे माझं ठाम मत आहे. डॉक्टरांना मी हे सांगितलेलं नाही. आबांना तर नाहीच.

आणि आता ते कार्ड मेलं होतं, आणि पाऊस तोंडावर आला होता.

नवं कार्ड घ्यायचं तर फार भारी नको, फार हलकंही नको. मधल्या किमतीत बघायला लागले आणि फिरून फिरून दोनच उरली. त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे. आबांनी कागदावर वाचून विचारलं होतं, "ही अप गाडी का डाऊन?" म्हणून घरात आम्ही खोक्याच्या रंगावरून बोलायला लागलो. एक लाल, एक हिरवं.

दोन्हीत फरक काय? खरं सांगू, काहीच नाही. रोज दुपारी जेवण झाल्यावर मी मोबाईल समोर टेकवून तुलनेचे व्हिडिओ बघायचे. त्यात कुणीतरी तरणाताठा मुलगा मागे निळे-जांभळे दिवे लावून ओरडत असतो. एका खेळात लाल दोन पावलं पुढे, दुसऱ्या खेळात हिरवं दोन पावलं पुढे. मी खेळ खेळत नाही, मी बंगले शिजवते, हे त्याला कोण सांगणार? मग आलेख, मग पट्ट्या, एक पट्टी दुसरीपेक्षा नखभर लांब. मग तो म्हणणार, निर्णय तुमचा आहे, मला खाली कळवा. उडदामाजी काळे-गोरे, काय निवडावे निवडणाऱ्याने. आमची आई ही म्हण स्थळं बघताना वापरायची.

आठवडाभर बघून मी इतकी शिणले, की रात्री डोळे मिटले तरी पट्ट्या दिसायच्या. पण एका बाबतीत सगळ्या ओरडणाऱ्यांचं एकमत होतं. हिरवं थंड. हिरवं शांत. हिरवं वीज कमी खातं. लाल मात्र वीज खातं आणि तापतं. वेगाने जवळपास तितकंच, मेमरी थोडी जास्त, पण काय उपयोग, तापतं. हे वाक्य ते अशा चेहऱ्याने म्हणायचे, की जणू मुलगा चांगला आहे पण पितो.

नवरा म्हणाला, "थंड घे आणि विषय संपव." मी म्हटलं, "बघते." त्याला कारण सांगितलं नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. याला सांगितलं की संध्याकाळी आबांच्या कानावर गेलंच. आणि आबांना कळलं की त्यांच्यासाठी तापणारं कार्ड येतंय, तर ते कार्डही दोरीने बांधून माळ्यावर जायचं.

दोन्हीत विजेचा फरक किती, हे मी एका दुपारी शोधून काढलं. ओढूनताणून शंभर वॅट. वाचलं आणि मला एकदम कपाटातला बल्ब आठवला.

लोणावळ्याबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडे पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात तळाशी पिवळा बल्ब पेटता ठेवतात. नाहीतर लग्नातल्या शालूला बुरशी येते, चामड्याच्या चपलांना पांढरी लव फुटते, आणि शाळेचा युनिफॉर्म सोमवारीही शनिवारइतकाच ओला असतो. पहिला पाऊस, मातीचा वास वगैरे ज्यांना सुचतं ते रविवारी येतात आणि भजी खाऊन परत जातात. आम्हाला बल्ब सुचतो. मधे सगळीकडे एलईडी आले. उजेड भरपूर, बिल कमी, आणि ऊब शून्य. त्या वर्षी गल्लीतल्या प्रत्येक बाईने कपाट उघडून कपाळाला हात लावला. पिवळा बल्ब आता दुकानात मागितला तर दुकानदार असा बघतो, की जणू आपण कंदिलाची काच मागितली.

म्हणजे लाल आणि हिरव्यात फरक होता तो एका कपाटातल्या बल्बाचा. ज्याला जगभरातली मुलं दोष म्हणत होती, ती माझ्या घरात एका म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाची सोय होती. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. माझं ठरलं. लाल.

पुण्याच्या दुकानात फोन केला. पलीकडचा माणूस आदबशीर होता, आणि तेच अडचणीचं झालं.

"मला एक सांगा," मी म्हटलं, "दोन्हीतलं जास्त गरम कुठलं होतं?"

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. हिरवं न्या, एकदम थंड आहे."

"नाही, मला लाल हवंय."

"लाल तापतं हो मॅडम. सगळ्यांची तीच तक्रार."

"तापू दे."

तो समजूत काढल्याच्या आवाजात म्हणाला, "बरं, मग लालमध्ये तीन पंख्यांचं घ्या. ते स्वतः जरा थंड राहतं."

"पण वीज तेवढीच खातं ना?"

"खातं ना मॅडम. तेच तर वाईट आहे त्याचं."

"मग ती सगळी ऊब खोलीतच येणार."

"येणारच. दुसरीकडे कुठे जाणार?"

"मग तेच द्या."

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही कुठून बोलताय?"

मी लोणावळा म्हणून सांगितलं. त्यावर त्याने नुसतं "अच्छा" म्हटलं. आमच्या गावाबद्दल लोकांची आधीच बरीच मतं असतात, त्यात आणखी एकाची भर.

खरी लढाई घरात झाली. आबा हिरव्याच्या बाजूने. त्यांच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. "लालला थांबायचं असतंय, हिरव्याला जायाचं. येवढं लहान पोराला बी कळतंय."

"आबा, तो फक्त खोक्याचा रंग आहे."

"आन् वर ते तापतंय म्हनतीस. तापतंय म्हंजे दुखनं हाय. हाटेक्सल."

हा त्यांचा शब्द घरात सगळ्याला लागतो. कुकरची शिट्टी अडकली, हाटेक्सल. मिक्सरला वास आला, हाटेक्सल. नवऱ्याला ताप आला तरी कपाळाला हात लावून, हाटेक्सल. मूळ शब्द रेल्वेचा, हॉट एक्सल. मालगाडीच्या चाकाचा आस आतून तापत जातो, वंगण जळतं, आणि वेळेत कळलं नाही तर आस तुटून डबे घाटात उतरतात. केबिनवाल्याने गाडी जाताना नुसती हिरवी झेंडी धरायची नसते. प्रत्येक डब्याच्या चाकाकडे बघायचं, कान द्यायचा, वास घ्यायचा, आणि शंका आली की लाल दाखवून गाडी उभी करायची. उभी राहिली की खाली उतरून हात लावून बघायचं. आबा सांगतात, "आमाला बाकी कशाची भीती न्हवती. धुक्यात जनावर आलं, आलं. दरड आली, आली. पर एकांदं हाटेक्सल आपल्या म्होरून निघून गेलं आन् आपल्याला कळलं न्हाई, तर? ह्या भीतीनं झोपंत बी नाक हुंगत असायचं."

मी म्हटलं, "लालमध्ये मेमरी जास्त आहे, आबा."

"मेमरी म्हंजे?"

"म्हणजे जास्त लक्षात राहतं त्याच्या."

"मंग तापनारच की," आबा म्हणाले. "जास्ती ध्यानात ठेवनाऱ्याचं डोकं तापतंच."

मी सांगितलं की काम माझं आहे, कार्ड मी ठरवणार, आणि पोळ्या लाटायला निघून गेले. ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

खोकं आलं तेव्हा मोठ्या सुटीची गर्दी होती. कुरिअरवाला हायवेच्या गाड्यांत अडकून संध्याकाळी पोचला आणि दारातच माझ्यावर चिडला. मी त्याला पाणी दिलं. कार्ड मी स्वतःच बसवलं. त्यात विशेष काही नाही, दोन स्क्रू आणि एक वायर. आबा दारात उभे राहून लाल खोक्याकडे बघत होते. "बसवलंस?" म्हणाले, आणि गेले.

पण पाऊस लागला, आणि चार दिवसांत खुर्ची घेऊन आलेच. पुढच्या खोलीत त्यांना बसवेना. मी बंगला शिजायला ठेवला होता. त्यांनी सवयीने डब्यावर पंजा ठेवला, झटकन उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"गरम लागतंय."

"असू द्या, आबा."

त्यानंतर ते रोज यायला लागले. पूर्वीपेक्षा लवकर. खुर्ची पूर्वीपेक्षा पुढे सरकली, पार डब्याला गुडघा लागेल इतकी. सारखा हात डब्यावर. कधी वाकून वास घेतल्यासारखं करायचे, मला वाटायचं खोकला येतोय. मी मनात खूश होते. बघा, म्हटलं, न सांगता, न भांडता, म्हातारबुवांना ऊब मिळवून दिली की नाही? काम नसलं तर मी जुना एखादा बंगला काढून उगाच शिजायला ठेवायचे. टाकव्याच्या एका साहेबांचा स्विमिंग पूल त्या महिन्यात मी इतक्या वेळा शिजवला, की त्यातलं पाणी आटायला हवं होतं. श्वास बरा चालला होता. मला या एका गोष्टीचं समाधान होतं, आणि त्या दिवसांत दुसऱ्या कशाचंच नव्हतं. पाठ दुखत होती, कपडे वाळत नव्हते, बिल्डर फोनवर फोन करत होता.

आषाढातल्या एका दुपारी त्याच बिल्डरला कामशेतला भेटायचं होतं. पवनेच्या काठच्या स्कीमची पूर्ण फिल्म शिजायला ठेवली होती. फाटकातून आत शिरायचं, बागेतून फिरत गच्चीवर जायचं, असं लांबलचक काम. संध्याकाळपर्यंत पुरलं असतं. खिडकी लावली, कडी घातली, दार ओढून घेतलं. आबा खुर्चीत होते. नुसतं "बसा" म्हटलं तर उठून पुढच्या खोलीत जातील, हे मला माहीत होतं. त्यांना बसायला काहीतरी कारण द्यायला हवं. म्हणून निघताना म्हटलं, "आबा, कॉम्प्युटरवर लक्ष ठेवा हं जरा."

"व्हय, जा तू," ते म्हणाले. ताठ बसले.

परत आले तेव्हा व्हरांड्यातूनच मला दिसलं, की दार सताड उघडं आहे.

आत खोलीत धुकं होतं. खिडकीच्या दोन्ही झडपा भिंतीला टेकलेल्या, पावसाची झड थेट आत येत होती, खिडकीखालच्या कागदांचा लगदा झालेला. आणि आबा डब्यापुढे वाकून, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा दोन्ही हातांत धरून कॉम्प्युटरला वारा घालत होते. त्यांनी स्वेटरही काढला होता. हालचाल करून घाम आला असेल, किंवा भान राहिलं नसेल. ओठ निळसर पडले होते. श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती.

मी आधी ओरडले. आधी हात धरून बसवायला हवं होतं, पण आधी ओरडले. "खिडकी कुणी उघडायला सांगितली होती तुम्हाला? काय चाललंय हे?"

"तापलंतं," आबा म्हणाले. एकेक शब्द श्वासामागे थांबत होता. "लय... तापलंतं. बटन ठाव हाय मला. पर दाबलं तर... तुजं काम मोडंल. म्हनून थंड... ठिवलं."

"अहो पण कशाला?"

"तूच म्हनलीस न्हवं," ते म्हणाले, "लक्ष ठेवा."

मी खिडकी लावली, दार लावलं, श्वासाच्या औषधाचा पंप आणून त्यांच्या तोंडाला दिला. स्वेटर चढवला, वर शाल, पायांवर गोधडी. पाणी गरम केलं. हे सगळं हात आपोआप करत होते. पंपाने श्वास जरा खाली बसला आणि ओठांचा रंग परत यायला लागला, तेव्हा मी त्यांच्या खुर्चीपाशी फरशीवर बसले आणि रडले. चांगली हमसून रडले. जुनं कार्ड गेलं तेव्हा आलं नव्हतं ते सगळं.

इतके दिवस तो हात डब्यावर होता तो ऊब घ्यायला नव्हता. जुन्या कार्डाच्या वेळी असेलही. पण या नव्यावर त्यांचा पहारा होता. रोज लवकर यायचे, खुर्ची पुढे घ्यायचे, वाकून हुंगायचे. त्यांच्या सुनेने हट्टाने लाल आणलं होतं, ते तापत होतं, आणि तिचं पोट ज्या गाडीवर आहे ती गाडी त्यांच्यासमोरून जात होती. ते केबिनबाहेर उभे होते, दुसरं काही नाही.

"रडतीस कशापायी?" आबा म्हणाले. "काम मोडलं का?"

"नाही मोडलं."

"मंग?"

आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी सासऱ्यांना कधी ‘तुमची काळजी वाटते’ असं म्हटलेलं नाही, आणि त्यांनी कधी ‘बरं केलंस’ म्हटलेलं नाही. आम्ही चहा देतो आणि चहा घेतो. पण आता न बोलून काय झालं ते समोर दिसत होतं. मी पदराने नाक पुसलं.

"आबा, ते बिघडलेलं नाही. ते हाटेक्सल नाही. ते कार्ड तसंच तापतं. कितीही तापलं तरी त्याला काही होत नाही."

"आन् त्ये हिरवं?"

"हिरवं थंड राहतं."

"मंग थंड सोडून तापनारं का आनलंस?"

मी त्यांच्या पायांवरची गोधडी सारखी केली. आबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी लावलेल्या खिडकीकडे पाहिलं, आपल्या अंगावरच्या गोधडीकडे पाहिलं. मग मान वर करून माळ्याकडे बघितलं, जिथे दोरीने बांधलेलं हीटरचं खोकं होतं.

आता संपलं, असं मला वाटलं. आता यांना कळलं, की हा हीटरच आहे, फक्त दुसऱ्या नावाने आलाय. आता हे उठणार, खुर्ची उचलणार, पुढच्या गार खोलीत जाऊन बसणार, आणि पुन्हा या खोलीत पाय ठेवणार नाहीत. पुढचे तीन महिने मला त्या खोलीतून शिट्टी ऐकू येत राहणार. मी इतकी थकले होते, की त्यांना अडवायला एक शब्दही शोधावासा वाटेना.

आबांनी गोधडीतून हात बाहेर काढला. डब्यावर ठेवला. या वेळी झटकन उचलला नाही, तसाच राहू दिला. डोळे मिटले.

"आजून किती शिजायचा हाय बंगला?" त्यांनी विचारलं.

मी स्क्रीनकडे बघितलं. झोपाळ्यावरची बाई उन्हात बसली होती, कॅमेरा तिच्यापासून नुकता जिन्याकडे वळला होता. "अजून बराच, आबा. रात्र होईल."

"मंग बसतो," ते म्हणाले. "लक्ष ठेवाया कुनीतरी पायजे."

मी उठले आणि चहा टाकायला आत गेले. आधण ठेवलं, आलं ठेचायला घेतलं, तेवढ्यात त्यांची हाक आली.

"पोरी, त्या खिडकीची कडी नीट बसली न्हाई बग. वारं येतंय."